ग्रास कटरची दोरी तुटली म्हणून काम थांबायला नको



आजची नोंद ग्रास कटरच्या स्टार्टरच्या दोरीवर आहे. जी ओढून आपण मशीन चालू करतो, ती दोरी. विषय बारीक वाटेल, पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ज्याची दोरी तुटली असेल त्याला विचारा.

कोकणातल्यांना सांगायची गरज नाही, घाटावरच्या मित्रांसाठी थोडं सांगतो. आमच्याकडे हापूसच्या कलमांना पॅक्लोब्युट्राझोल घालायचा काळ म्हणजे १५ जुलै ते १५ ऑगस्ट. झाडाच्या पसाऱ्याचा व्यास मोजायचा, मीटरमागे ३ मिली हिशेब धरायचा, पाण्यात मिसळून बुंध्याभोवती गोलाकार खड्डे मारून त्यात ओतायचं. त्याआधी झाडाखालचं गवत काढावंच लागतं, नाहीतर आंब्याच्या मुळांच्या वाटणीचं औषध गवत पिऊन बसतं. आणि तेव्हा तर गवत कमरेला लागलेलं असतं. मुसळधार पावसात औषध घालून उपयोग नाही, वाहून जातं. म्हणजे पावसाची उघडीप, हातात माणूस आणि चालू मशीन, या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी जुळाव्या लागतात. माणसं भाताच्या बेणणीत अडकलेली. विळ्याने बाग साफ करणारी पिढी आता गुडघे धरून बसलीय. म्हणून सगळी भिस्त त्या ग्रास कटरवर.

यंदा असंच झालं. आमच्या वाडीतल्या काकीची २२ कलमं आहेत. वर्षाचा रोख पैसा तो तेवढाच. मुलगा मुंबईला, त्याने मशीन घेऊन दिलंय. चालवायला वाडीतलाच एक पोरगा येतो, रोजावर. सहा दिवस नुसता कोसळत होता, सातव्या दिवशी ऊन पडलं. पोराने सकाळी आठ कलमांखालचं गवत मारलं, पेट्रोल भरायला मशीन बंद केलं, परत ओढायला गेला तर मूठ हातात आणि दोरी आत. नुसता खळ्ळ असा आवाज.

मी कुंपणाच्या पलीकडेच होतो. पोरगा म्हणाला, "दादा, आता तालुक्याक न्हेवक व्हयी."

तालुका आमच्यापासून २० किलोमीटरच्या वर. सीझनला मिस्त्रीकडे मशीनची रांग लागलेली असते, त्याचाही दोष नाही, एकटा माणूस किती करणार? ठेवून जा म्हणतो, तीन-चार दिवसांनी या म्हणतो. तोवर पाऊस परत धरला तर १५ ऑगस्ट निघून जातो. पोराचाही चार दिवसांचा रोज जातो. आणि हे सगळं कशासाठी, तर हातभर नायलॉनच्या दोरीसाठी. म्हटलं, घेऊन ये ओटीवर, अर्ध्या तासाचं काम आहे.

ते अर्ध्या तासाचं काम कसं करायचं, ते खाली सविस्तर लिहितो. ग्रास कटर असो, पॉवर वीडर असो, एचटीपी पंपाचं पेट्रोल इंजिन असो, चेनसॉ असो की बंगल्याच्या हिरवळीवर ढकलत चालवायचं लॉन मोअर असो, दोरीवाल्या स्टार्टरचं पोट सगळीकडे जवळपास सारखंच असतं.

आत काय असतं?

बाहेरचं प्लास्टिकचं किंवा पत्र्याचं कव्हर. त्याच्या आत एक पुली, तिच्यावर दोरी गुंडाळलेली. पुलीच्या खाली पट्टीची गोल गुंडाळलेली स्प्रिंग, जुन्या चावीच्या घड्याळात असायची तशी. दोरी ओढली की पुली फिरते, स्प्रिंग आवळते, आणि पुलीचा खटका इंजिनाच्या बाजूला अडकून इंजिन फिरवतो. इंजिन चालू झालं की खटका आपोआप सुटतो. दोरी सैल सोडली की स्प्रिंग पुली उलटी फिरवून दोरी परत आत घेते. बस्स, एवढंच यंत्र. यात वीज नाही, कार्बोरेटर नाही, समजायला अवघड असं काही नाही.

दोरी तुटते तेव्हा दोनांतलं एक होतं. मुठीजवळ तुटली तर उरलेली दोरी सर्रकन आत जाते. पुलीजवळ तुटली तर अख्खी दोरी हातात येते. दोन्ही वेळेला स्प्रिंग सैल होऊन गप्प बसते. स्प्रिंग शाबूत असेल तर पुली काढायचीच नाही. हे वाक्य दोनदा वाचा. बहुतेक लोक पुली उचकटतात, स्प्रिंग साप सुटल्यासारखी बाहेर येते, आणि मग साधं काम अवघड होऊन बसतं.

सुरुवात अशी करा

पहिलं काम, प्लगची टोपी काढा. इंजिन गरम असतं, टाकीत पेट्रोल असतं, हात लागून पुली फिरली आणि इंजिनाने एक ठोका जरी मारला तरी खाली पातं आहे हे विसरू नका. ग्रास कटर असेल तर पातंसुद्धा काढून बाजूला ठेवलेलं बरं.

दुसरं, कव्हरवरचं गवत, चिखल आधी ब्रशने किंवा फडक्याने झाडा. स्क्रू काढल्यावर झाडलं तर सगळी माती आत जाते.

तिसरं, कव्हरचे स्क्रू काढा. बहुतेक ठिकाणी तीन किंवा चार असतात. काहींना साधा पेचकस चालतो, काहींना एलन की लागते. स्क्रू वाटीत ठेवा. ओटीच्या फटीत पडलेला स्क्रू शोधण्यात आमच्याकडे जितका वेळ जातो तितका दुरुस्तीत जात नाही.

चौथं, कव्हर उलटं करून मोबाईलवर दोन फोटो काढा. दोरी कुठल्या बाजूने गुंडाळलीय, गाठ कुठल्या खाचेत बसलीय, ते त्यात दिसलं पाहिजे. नंतर शंका आली की हा फोटोच गुरू.

आता पुली बोटाने थोडी फिरवून बघा. एका दिशेने फिरवली की स्प्रिंगचा ताण लागतो आणि सोडली की परत येते. तसं होत असेल तर स्प्रिंग चांगली आहे, काम सोपं. दोन्हीकडे नुसतीच भिरभिर फिरत असेल तर स्प्रिंग तुटलीय किंवा तिचं टोक खाचेतून निसटलंय. त्याबद्दल पुढे लिहितो.

दोरी कुठली?

इथे सगळ्यात जास्त गडबड होते. घरात दोरी म्हणून काय काय असतं! विहिरीच्या कळशीची, गुरांच्या दाव्याची, ताडपत्रीला बांधलेली पिवळी-हिरवी प्लास्टिकची, सुंभ, सुतळी. यातलं काहीही चालत नाही. सुती दोरी तेल आणि ओल पिऊन कुजते. ताडपत्रीची प्लास्टिक दोरी ताठ असते, पुलीवर नीट बसत नाही, गाठ सरकते, आणि कव्हरच्या भोकाशी घासून घासून तापली की वितळते.

पाहिजे ती विणलेली नायलॉनची स्टार्टर दोरी. हार्डवेअरच्या किंवा स्पेअर पार्टच्या दुकानात मीटरवर मिळते. जाडी जुन्या दोरीइतकीच घ्या. छोट्या ग्रास कटरला आणि चेनसॉला साधारण ३ ते ३.५ मिलिमीटर, वीडर-पंपाच्या ५ ते ७ एचपीच्या इंजिनाला साधारण ४ ते ५. जाड घेतली की मजबूत, असा हिशेब इथे चालत नाही. जाड दोरी पुलीच्या खोबणीत मावत नाही, शेवटचे फेरे वर चढतात आणि पुली कव्हरला घासून अडकते. बारीक घेतली तर ती पुली आणि कव्हर यांच्या फटीत उतरते आणि तिथेच आवळून बसते.

लांबीसाठी जुन्या दोरीचे दोन्ही तुकडे जोडून मोजा, वर गाठींसाठी वीतभर जास्त घ्या. तुकडा हरवला असेल तर नेहमी हात किती लांब येत होता ते आठवा. ग्रास कटरला साधारण मीटरभर लागते, मोठ्या इंजिनाला दीड मीटरच्या पुढे. आधी लांब ठेवा, मग कापा. कापलेली परत जोडता येत नाही, आणि गाठ मारून जोडलेली दोरी पुलीवर चालत नाही.

दोन्ही टोकं लायटरवर वितळवून घ्या म्हणजे विण सुटत नाही. हे काम पेट्रोलच्या कॅनपासून आणि मशीनपासून दूर, अंगणात जाऊन करा. वितळलेलं टोक उघड्या बोटाने दाबू नका, नायलॉन कातडीला चिकटतं आणि कातडी घेऊनच निघतं. पेचकसाच्या दांड्यावर फिरवून टोकाला आकार द्या. टोक निमुळतं झालं तर भोकातून ओवायला सोपं.

ओवायची आणि भरायची रीत

छोट्या ग्रास कटरसाठी माझी रीत अशी.

पुली सैल असताना दोरी कव्हरच्या बाहेरच्या भोकातून आत घ्या, पुलीच्या भोकातून ओवा, टोकाला गाठ मारा आणि गाठ तिच्या खाचेत चिमट्याने नीट दाबून बसवा. गाठ वर राहिली तर कव्हर लावल्यावर इंजिनाला घासते. गाठ साधी मारली तरी चालते, पण मी आठाची मारतो. ती ओढ बसली की आणखी घट्ट होते आणि जाडही असते. दुसरं टोक मुठीतून ओवून तिथेही तशीच गाठ.

आता दोरी सगळी बाहेर आहे, पुलीवर काहीच नाही आणि स्प्रिंगला ताण नाही. ताण भरायचा तो असा. पुलीच्या कडेला एक खाच दिसेल. आतल्या बाजूला दोरीचा छोटा फास ओढून घ्या आणि त्या खाचेत अडकवा. मग तो फास धरून पुली फिरवा. दिशा कुठली? दोरी ओढल्यावर पुली ज्या दिशेने फिरते तीच. त्याच दिशेने फिरवल्यावर स्प्रिंगचा ताण वाढत जातो, हाताला कळतो. पाच-सहा फेरे झाले की पुली अंगठ्याने घट्ट दाबून धरा, फासाची दोरी खाचेतून काढा, बाहेरून ओढून पीळ सरळ करा, आणि मग अंगठा हळूहळू सैल करा. पुली उलटी फिरत दोरी आपोआप गुंडाळून आत घेते. एकदम सोडू नका. पुलीच्या कडेने बोट कापतं.

मोठ्या इंजिनाच्या स्टार्टरला दुसरी रीत सोपी पडते. दोरी न लावता पुली हाताने शेवटपर्यंत फिरवून स्प्रिंग पूर्ण आवळा. मग पुलीचं भोक आणि कव्हरचं भोक समोरासमोर येईपर्यंत पुली हळू मागे सोडा. साधारण एका फेऱ्याच्या आत दोन्ही जुळतात. तिथे पुली लॉकिंग पकडीने किंवा पुलीतून पेचकस घालून अडकवून ठेवा. दोन्ही भोकांतून दोरी सरळ ओवा, आत गाठ, बाहेर मूठ आणि मुठीची गाठ. मग पकड काढून पुली हळू सोडा, दोरी आत जाते. ही स्प्रिंग जोरकस असते, म्हणून जोडीला एक माणूस असू द्या.

आता परीक्षा. यात दोन गोष्टी बघायच्या.

एक, मूठ सोडली की ती कव्हरला घट्ट टेकून बसली पाहिजे. लोंबत राहिली तर ताण कमी आहे. एक फेरा वाढवा.

दोन, दोरी पूर्ण बाहेर ओढा आणि तिथे पुली हाताने आणखी फिरते का बघा. निदान अर्धा फेरा तरी फिरली पाहिजे. फिरत नसेल तर स्प्रिंग शेवटाला टेकलीय. असं मशीन आज चालेल, पण जोरात ओढल्यावर एक दिवस स्प्रिंग तुटेल. एक फेरा कमी करा.

दोन्ही जमलं की कव्हर लावा. स्क्रू पूर्ण आवळायच्या आधी दोरी हळूच थोडी ओढा, खटका इंजिनाला धरतोय असं हाताला लागलं की मग आवळा. प्लगची टोपी सगळ्यात शेवटी.

स्प्रिंग निसटली असेल तर

पुलीच्या मधला स्क्रू काढून पुली उचलावी लागते. आधी डोळ्याला चष्मा, हातात जाड हातमोजे. पुली सरळ वर उचलू नका, किंचित डावी-उजवी हलवत स्प्रिंग खालीच राहील अशी सोडवा. स्प्रिंगचं बाहेरचं टोक कव्हरच्या खाचेत, आतलं टोक पुलीच्या आकड्यात, असं बसतं. बाहेर आलेली स्प्रिंग परत भरायची तर बाहेरचं टोक आधी खाचेत अडकवून बाहेरून आत फेरे भरत जायचं, आणि भरलेला प्रत्येक फेरा अंगठ्याने दाबून धरायचा. टोक मोडलं असेल तर नवी स्प्रिंग आणा, मोडलेलं टोक तापवून वाकवू नका. तापवल्यावर त्या पट्टीचं पाणी जातं. आणि स्प्रिंगला ग्रीस अगदी पुसट, बोटाला लागलेलं. थापलं तर गवताची भुकटी त्यात चिकटून चिखल होतो. खटक्याला तर तेल-ग्रीस नकोच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. कव्हर काढून, उघड्या चाकाला दोरीचे वेढे देऊन इंजिन चालू करायची युक्ती काही ठिकाणी करतात. ती करू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर दोरीसकट हात आत जातो. चालू झालं तर समोर उघडं चाक फिरत असतं. आमच्याकडे एका चालवणाऱ्या माणसाचं बोट असंच फुटलंय, अजून त्याला ते नीट मिटता येत नाही. जुन्या डिझेल इंजिनाला हँडल मारणाऱ्या पिढीला हे ठाऊक होतं. हँडल धरताना अंगठा मुठीच्या वेगळ्या बाजूला घालायचा नाही, चारही बोटांबरोबर एकाच बाजूला ठेवायचा, हे माझ्या वडिलांनी मला इंजिनाला हात लावायच्या आधी शिकवलं. उलटं फिरलं तर हात आपोआप सुटतो. आताच्या छोट्या मशीनना लोक खेळणं समजतात, तिथेच घात होतो.

दोरी तुटली का?

काकीच्या ओटीवर दोरी भरून झाली, तेव्हा काकी बाजूला पाटावर बसून सगळं बघत होती. मी उठायला लागलो तशी म्हणाली, "झिला, तू रोज येतलंस काय? काढ परत ती, माका दाखव. मी करतंय."

मी दोरी परत सैल केली. काकीने स्वतःच्या हाताने ओवली. गाठ तिने माझ्यापेक्षा चांगली मारली, आयुष्यभर गुरांची दावी बांधलेला हात तो. फेरे भरताना पहिल्यांदा पुली सुटली, भर्रकन फिरली, दुसऱ्यांदा जमलं. पोरगा आधी हसत होता, मग गप्प बसून बघायला लागला. मग त्यानेही एकदा करून बघितली. त्याला मी एकच म्हटलं, बाबा रे, तुझं पोट या मशीनवर आहे, तुला हे यायलाच हवं. उद्या दुसऱ्याच्या बागेत दोरी तुटली तर तू घरी परतणार नाहीस, तिथेच भरशील आणि रोज पूर्ण करशील.

मग काकीने विचारलं, तुटली कशाक? हा प्रश्न मला आवडला, कारण दुरुस्ती करणारे बहुतेक लोक तो विचारतच नाहीत.

तुटलेलं टोक बघितलं तर कळतं. टोक केसाळ, झिजलेलं असेल तर दोरी कव्हरच्या भोकाशी घासलीय. भोकातली गुळगुळीत बुशिंग निघून गेली असेल तर प्लास्टिकला धार येते, नवी दोरीही महिनाभरात जाते. बुशिंग बसवा, नाहीतर निदान पॉलिश पेपरने धार मारा. दोरी तिरकी ओढायची सवय असेल तरी हेच होतं. मशीन जमिनीवर दाबून धरून, भोकाच्या सरळ रेषेत ओढायची. टोक चावल्यासारखं तुटकं असेल तर उंदीर. पेट्रोलच्या वासाने तो लांब राहील असं समजू नका. मशीन खुंटीला टांगून ठेवा. गाठीतून निसटली असेल तर टोक वितळवलेलं नव्हतं.

काकीच्या दोरीचं टोक सगळीकडून केसाळ होतं, आणि पोराने सांगितलं की रोज सकाळी वीस-पंचवीस वेळा ओढल्याशिवाय मशीन उठत नाही. इथे खरं कारण सापडलं. चांगलं इंजिन थंड असताना चार-पाच ओढींत चालू व्हायला पाहिजे. पंचवीस ओढी लागत असतील तर रोग दुसरीकडे आहे, दोरी नुसती त्याची शिक्षा भोगते.

प्लग काढला, काळाकुट्ट आणि तेलाने ओला. तारेच्या ब्रशने साफ केला, फट ०.६ ते ०.७ मिलिमीटरच्या आसपास आणली. एअर फिल्टरचा स्पंज गवताच्या भुकटीने भरलेला, साबणाच्या पाण्यात धुऊन पिळून वाळवला. टाकीतलं पेट्रोल मे महिन्यातलं होतं. आता पंपावर जे पेट्रोल मिळतं त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. आमच्या पावसाळी हवेत दोन-अडीच महिने पडून राहिलेलं पेट्रोल म्हणजे मशीनला विषच. ते काढलं, ताजं भरलं. टू-स्ट्रोक मशीन आहे, म्हणून ऑईल कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रमाणातच मिसळलं. अंदाजाने 'थोडं जास्तच घालू, इंजिन टिकेल' असं करणारे खूप आहेत. त्यानेच प्लग काळा पडतो, मशीन उठत नाही, आणि मग दोरी तुटते. साखळी अशी आहे.

मग चालू करायची पद्धत. रबरी फुगा पाच-सहा वेळा दाबायचा, चोक लावायचा. पहिल्यांदा दोरी हळू ओढायची, इंजिन हाताला जड लागलं की थांबायचं, दोरी परत जाऊ द्यायची, आणि मग एकदम पण अर्धा-पाऊण हातच ओढायची. शेवटपर्यंत हिसका द्यायचा नाही. फट् करून एकदा आवाज आला की चोक काढायचा. तरीही चोक लावूनच ओढत राहिलं तर पेट्रोल साचतं आणि मग कितीही ओढा. आणि मूठ कधीही वरून सोडून द्यायची नाही, हाताने कव्हरपर्यंत पोचवायची. नुसत्या या एका सवयीने दोरीचं आयुष्य दुप्पट झालेलं मी माझ्या मशीनवर बघितलंय.

तिसऱ्या ओढीला काकीचं मशीन उठलं. ओढ काकीचीच होती. दुपारी दोन वाजता पोरगा परत बागेत गेला, अंधार पडेपर्यंत नऊ कलमं झाली, उरलेली पाच दुसऱ्या दिवशी सकाळी. कापलेलं गवत उचललं नाही, खड्डे मारायची जागा मोकळी ठेवून बाकीच्या आळ्यात तिथेच पसरलं. आमच्या जांभ्या उतारावर मुळासकट गवत काढलं तर माती पावसाबरोबर खाली नदीला जाते. वरून कापलं तर मूळ माती धरतं आणि वरचा पाला कुजून कलमालाच मिळतो. तिसऱ्या दिवशी ढग होते पण पाऊस नव्हता, औषध घालून झालं. मोहोर किती येईल ते थंडी ठरवील, ते आपल्या हातात नाही. वेळेत काम होणं हातात होतं, ते झालं.

शेवटी कृषी खात्यातल्या आणि विद्यापीठातल्या मित्रांसाठी दोन शब्द, कारण तुमच्यातले बरेच जण हे पान वाचता. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून चालू आहे. महाडीबीटीवर अर्ज करून पॉवर टिलर, वीडर गावोगाव आले, चांगलं झालं. पण मशीन गावात आलं म्हणजे यांत्रिकीकरण झालं असं होत नाही. मशीन ज्या दिवशी पाहिजे त्या दिवशी चालू झालं पाहिजे. प्रात्यक्षिकाला पंचवीस शेतकरी गोळा करता, मशीन चालवून दाखवता, फोटो होतो, चहा होतो. त्यातला अर्धा तास स्टार्टर उघडायला द्या. प्रत्येकाला एकदा दोरी भरू द्या, प्लग काढू द्या, फिल्टर धुवू द्या. आणि बायकांना पुढे बसवा. आमच्याकडे निम्म्या बागा त्याच सांभाळतात, पुरुष मुंबईला असतात. मशीनला हात लावायची भीती एकदा गेली की पुढचं त्या स्वतःच करतात, हे मी ओटीवर बसून बघितलंय.

मशीनच्या डब्यात कायम ठेवायच्या वस्तू लिहून देतो, फोटो काढून ठेवा:

१. आपल्या मशीनच्या जाडीची दोन मीटर नायलॉन दोरी, टोकं वितळवलेली.
२. एक जादा प्लग आणि प्लग पाना.
३. कव्हरच्या स्क्रूला बसणारा पेचकस किंवा एलन की.
४. लांब तोंडाचा चिमटा.
५. लायटर, पण पेट्रोलच्या कॅनसोबत नाही, वेगळ्या पिशवीत.
६. जुना टूथब्रश आणि फडकं.
७. डोळ्याचा चष्मा. हा गवत कापतानाही लागतोच.

दोरी बदलल्यावर जुनी फेकू नका. जाडी दाखवायला दुकानात तीच उपयोगी पडते.

आणि सीझन संपला की टाकी रिकामी करा, इंजिन बंद पडेपर्यंत चालवा म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोलही संपतं, मग खुंटीला टांगा. वणव्याच्या आधी, ऑक्टोबरात परत गवत मारायला काढाल तेव्हा हात दुखणार नाही.

घाटावरच्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांनी आपल्या ब्लोअर-पंपाच्या स्टार्टरचा अनुभव जरूर सांगा. तिकडच्या कोरड्या धुळीत स्प्रिंग कशी टिकते, ते मला समजून घ्यायचंय.